शूटर व्हिडिओ गेममधील सशुल्क पूरक आशय : किंमत आणि उपयोगिता

बीजसंज्ञा : शूटर गेम, पूरक आशय, मॅप संच, सीमांत उपयोगिता, संतोषाधिक्य, जालपरिणाम

प्रास्ताविक

वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' हा घटक शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "सर, मोबाइलवरचा गेम फुकट आहे, पण मित्रांनी पास घेतला म्हणून मीही मेसच्या पैशांतून घेतला. मग हे संतोषाधिक्य म्हणायचे की तोटा?" वर्गात हशा पिकला. मार्शलच्या व्याख्येनुसार, वस्तूसाठी जी कमाल किंमत देण्याची आपली तयारी असते आणि प्रत्यक्षात जी द्यावी लागते, त्यांतील फरक म्हणजे संतोषाधिक्य, एवढे सांगून प्रस्तुत लेखकाने विषय पुढे नेला. परंतु त्या विद्यार्थ्याची 'तयारी' त्याची स्वतःची होती की मित्रांनी घडविलेली, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

व्हिडिओ गेम हा विषय प्राध्यापकवर्गास क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. तथापि आपल्या विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र आर्थिक निर्णयांपैकी कित्येक निर्णय आज याच क्षेत्रात घेतले जातात. म्हणून 'खेळू नका' एवढ्या उपदेशावर न थांबता, या खरेदीतून नेमके काय मिळते याचा विचार होणे आवश्यक आहे. त्यासाठी येथे शूटर गेम हा एकच प्रकार निवडला असून, पूरक आशयाची विक्री जेथे आकाराला आली त्या अमेरिकी व युरोपीय बाजारपेठेतील उदाहरणे प्रामुख्याने विचारात घेतली आहेत. अखेरीस भारतातील स्थितीचा संक्षिप्त परामर्श घेतला आहे.

संज्ञेचा अर्थ व स्वरूप

ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू पडद्यावरील पात्राच्या हातातील शस्त्राने प्रतिपक्षावर नेम धरतो, त्यास शूटर गेम म्हणतात. एकट्याने खेळावयाची कथा आणि इंटरनेटद्वारे इतर माणसांशी खेळावयाचा सामना, असे त्याचे दोन भाग संभवतात. सामना ज्या आभासी रणभूमीवर होतो तिला खेळाडू 'मॅप' म्हणतात. मूळ गेम विकत घेतल्यानंतर त्यात भर घालणारे नवे मॅप, कथेचे नवे भाग, शस्त्रे अथवा पोशाख यांना येथे 'पूरक आशय' म्हटले आहे. खेळाडूंमध्ये त्याचे 'डीएलसी' हे लघुनाम रूढ आहे. पूरक आशयाचे स्थूलमानाने तीन प्रकार होतात : (१) मॅप संच, (२) कथाविस्तार आणि (३) सजावट व पास.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा आशय म्हणजे पूरक वस्तू होय. शाईवाचून फाउंटन पेन निरुपयोगी, तसा मूळ गेमवाचून पूरक आशय निरुपयोगी. मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. शाई संपली की पेन थांबते. येथे मूळ वस्तू पूरक वस्तूवाचूनही पूर्ण असावी, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. ती तशी आहे की नाही, येथूनच वादाला प्रारंभ होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इड सॉफ्टवेअर या अमेरिकी संस्थेने १९९३ साली 'डूम' हा गेम प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग विनामूल्य होता व पुढील भाग पैसे भरून मागवावे लागत. म्हणजे ग्राहक आधी चव पाहत असे, मग दाम मोजत असे. शिवाय गेमच्या रणभूमींची माहिती स्वतंत्र फाइलमध्ये ठेवलेली असल्याने हौशी खेळाडूंना स्वतःच्या रणभूमी तयार करता येत व त्या एकमेकांना देता येत. व्हॉल्व्ह संस्थेच्या 'हाफ-लाइफ' या १९९८ च्या गेमवर हौशी तरुणांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' हे विनामूल्य रूपांतर तयार केले. ते इतके लोकप्रिय झाले की व्हॉल्व्हने २००० साली ते आपल्या नावाने बाजारात आणले. या कालखंडात पूरक आशय हे बहुतांशी खेळाडूंनी खेळाडूंसाठी केलेले काम होते.

पुढे गेम-यंत्रे इंटरनेटला जोडली गेली आणि छोट्या रकमा घेऊन घरपोच आशय देणे शक्य झाले. मायक्रोसॉफ्टच्या 'हेलो २' या गेमसाठी २००५ मध्ये नवे मॅप आले. त्यांपैकी काही प्रथम पैसे घेऊन दिले गेले व काही महिन्यांनी सर्वांना विनामूल्य खुले झाले. जो आशय आज विकावयाचा तोच उद्या वाटावा का लागतो, याचे उत्तर पुढील विवेचनात मिळेल.

किमतीचा हिशोब

ॲक्टिव्हिजन संस्थेचा 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' हा गेम नोव्हेंबर २००९ मध्ये आला. अमेरिकेत त्याची किंमत ६० डॉलर होती व त्यात सामन्यांसाठी १६ मॅप होते. मार्च २०१० मध्ये 'स्टिम्युलस पॅकेज' हा पाच मॅपचा संच १५ डॉलरला विक्रीस आला. या पाचांपैकी तीन मॅप नवे होते. उर्वरित दोन २००७ च्या आधीच्या गेममधून घेतलेले होते.

मूळ गेममधील कथाभागाची किंमत शून्य धरली तरी प्रत्येक मॅपला पावणेचार डॉलर पडतात. पूरक संचात पाचही मॅप मोजल्यास दर तीन डॉलर येतो, म्हणजे खरेदी किफायतशीर दिसते. केवळ नवे तीनच मोजल्यास दर पाच डॉलर होतो आणि ती महाग ठरते. शिवाय मूळ गेममधील कथेला काही मोल आहे असे मानले, तर त्यातील मॅपचा खरा दर पावणेचार डॉलरहून बराच खाली येतो व संच अधिकच महाग ठरतो. तरीही पहिल्याच आठवड्यात या संचाच्या २५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. याच गेमच्या संगणकावरील आवृत्तीत खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालविण्याची जुनी सोय काढून टाकण्यात आली होती व स्वतः केलेले मॅप वापरण्याचा मार्गही बंद झाला होता. फुकट मिळणारा पर्याय दूर झाल्यावर विकतच्या वस्तूस मागणी वाढते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

याच्या विरुद्ध बाजूचे उदाहरण इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या 'बॅटलफील्ड ३' या २०११ च्या गेमचे आहे. ६० डॉलरच्या मूळ गेममध्ये नऊ मॅप होते. जून २०१२ मध्ये ५० डॉलरची 'प्रीमियम' योजना आली. तीत पाच विस्तार संच व प्रत्येकात चार असे एकूण २० मॅप मिळणार होते. म्हणजे एका मॅपला अवघे अडीच डॉलर. पाचही संच सुटे घेतल्यास सुमारे ७५ डॉलर लागत. मात्र योजना जाहीर झाली तेव्हा काही संच अजून तयार व्हायचे होते. ग्राहक न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आगाऊ देत होता. तरीही निव्वळ अंकगणिताने पाहता हा सौदा स्वस्त होता, हे मान्य केले पाहिजे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप असा की मॅप ही एकट्याने उपभोगावयाची वस्तू नाही.

सोबत्यांचा प्रश्न

दूरध्वनी एकाच घरी असेल तर त्याचा उपयोग शून्य. गावभर असेल तर प्रत्येकाचा उपयोग वाढतो. यास अर्थशास्त्रात जालपरिणाम म्हणतात. सामन्याचा मॅप या वर्गात मोडतो. 'बॅटलफील्ड ३' च्या संगणकावरील आवृत्तीत एका सामन्यात ६४ खेळाडू भाग घेऊ शकत. तो सामना नव्या मॅपवर भरावयाचा, तर तो संच विकत घेतलेले तेवढे खेळाडू एकाच वेळी हजर हवेत.

पाच संच सुटे विकल्यास प्रत्येक संच 'आहे' किंवा 'नाही' अशा दोन शक्यता होतात आणि खेळाडूंचे ३२ निरनिराळे गट संभवतात. गेम नवा असताना गर्दी मोठी असते, म्हणून ही विभागणी जाणवत नाही. वर्ष-दीड वर्षाने गर्दी ओसरली की विकतचे मॅप प्रथम ओस पडतात. मूळ मॅप सर्वांकडे असल्याने तेथे माणसे सापडतात; पैसे देऊन घेतलेल्या रणभूमीवर मात्र प्रतिपक्षाची वाट पाहत बसावे लागते. सामान्यतः पैसे मोजून घेतलेली वस्तू फुकटच्या वस्तूपेक्षा अधिक काळ टिकावी, अशी अपेक्षा असते. येथे नेमके उलट घडते.

यातून प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा निष्पन्न होतो : ज्या वस्तूची उपयोगिता इतरांकडेही ती असण्यावर अवलंबून असते, तिच्यावर किंमत लावली की तीच किंमत तिच्या उपयोगितेला कात्री लावते. किंमत ज्यांना परवडत नाही ते बाहेर राहतात. ते बाहेर राहिल्याने ज्यांनी पैसे दिले त्यांचाही तोटा होतो.

याची एक सामाजिक बाजूही आहे. चार मित्र एकत्र खेळतात. तिघांनी संच घेतला, चौथ्याने नाही. आता तिघांनी नवा मॅप सोडावयाचा की चौथ्याला? बहुधा चौथ्याने पैसे द्यावेत असाच निकाल लागतो. त्याची खरेदी मागणीच्या वक्रावर ऐच्छिक म्हणून नोंदली जाईल. पण ती नव्या मॅपची किंमत नसून मैत्रीत टिकून राहण्याचे शुल्क असते. येथे 'देण्याची तयारी' हे मार्शलचे माप अपुरे पडते.

उद्योगाने स्वतःच हा दोष ओळखला, हे विशेष. रेस्पॉन संस्थेने 'टायटनफॉल' या २०१४ च्या गेमसाठी सशुल्क मॅप काढले होते; २०१६ च्या 'टायटनफॉल २' साठी मात्र सर्व नवे मॅप विनामूल्य देण्याचे तिने जाहीर केले. खेळाडूंचे तुकडे पडू नयेत, हे त्यामागील प्रमुख कारण होते. त्याच वर्षी आलेल्या ब्लिझर्डच्या 'ओव्हरवॉच' मध्येही नवे मॅप व नवी पात्रे सर्वांना मोफत मिळाली. २०१८ च्या 'बॅटलफील्ड ५' ने प्रीमियम योजना सोडली आणि २०१९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर' ने मॅप संचांची विक्री बंद केली. एका दशकाच्या अनुभवानंतर विक्रेत्यांनीच दिलेली ही कबुली होय.

कथाविस्तार : वेगळे गणित

सर्व पूरक आशयाला हाच न्याय लावणे मात्र योग्य होणार नाही. 'बॉर्डरलँड्स २' या २०१२ च्या शूटर गेमचे चार मोठे कथाविस्तार प्रत्येकी सुमारे दहा डॉलरला उपलब्ध झाले. ते मित्रांसह खेळता येतात, तसेच एकट्यानेही. इतर किती जणांनी तो विस्तार घेतला आहे, याच्याशी खेळणाऱ्याच्या आनंदाचा संबंध नसतो. शिवाय खरेदीची घाई नसते. समीक्षा वाचून, किंमत उतरल्यावर घेतला तरी आशय तोच राहतो. यांपैकी जून २०१३ मध्ये आलेला टायनी टीना या पात्राचा विस्तार इतका टिकाऊ ठरला की २०२१ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून पुन्हा विकला गेला. येथे पूरक आशयाचे स्वरूप कादंबरीच्या उत्तरभागासारखे आहे. पूर्वभाग आवडला असेल तर उत्तरभागास पैसे देण्यात गैर काही नाही.

सजावट, पेट्या आणि पास

नवे मॅप मोफत झाले. पण ते तयार करणाऱ्या कलावंतांचे व तंत्रज्ञांचे वेतन आणि सर्व्हरचा खर्च थांबला नाही. हा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे, ही विक्रेत्यांची बाजू रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून शस्त्रांचे रंग, पात्रांचे पोशाख यांसारखी सजावट विकली जाऊ लागली. सजावटीने खेळाडूंचे तुकडे पडत नाहीत आणि जिंकण्याची शक्यताही वाढत नाही. ज्याला हौस आहे त्याने दाम मोजावे व इतरांनी फुकट खेळावे. तत्त्वतः ही व्यवस्था मॅप संचांहून न्याय्य आहे.

अडचण विक्रीच्या पद्धतीत आहे. आत काय निघेल हे ठाऊक नसलेली 'लूट बॉक्स' नावाची पेटी विकणे म्हणजे वस्तू न विकता आशा विकणे होय. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या 'स्टार वॉर्स : बॅटलफ्रंट २' मध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा पेट्यांतून सामन्यात उपयोगी पडणारे लाभ मिळण्याची योजना होती. मॅप मोफत होते. पण बळ विकत होते. खेळाडूंचा रोष इतका तीव्र झाला की प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कंपनीला पैशांची खरेदी स्थगित करावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने 'ओव्हरवॉच' व 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' यांसह काही गेममधील सशुल्क पेट्या तेथील जुगारविषयक कायद्याचा भंग करतात, असा निष्कर्ष काढला.

एपिक गेम्सच्या 'फोर्टनाइट' ने डिसेंबर २०१७ मध्ये रूढ केलेला 'बॅटल पास' हा अधिक सौम्य मार्ग वाटतो. पासात काय मिळणार हे आधी दिसते. मात्र पैसे दिल्यावर ते लगेच मिळत नाही. ठरावीक मुदतीत भरपूर खेळून ते 'कमवावे' लागते आणि मुदत संपली की न कमावलेले हातचे जाते. दिलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्रीही खेळतो. बुडीत खर्च पुढील निर्णयात धरू नये, हा आपण वर्गात शिकवितो तो नियम येथे उलटा वापरला जातो. किमतीही रुपये-डॉलरांत नसून गेममधील चलनात असतात. फोर्टनाइटचा पास पूर्वी ९५० नाण्यांचा होता; पण प्रारंभी सुमारे दहा डॉलरला मिणाऱ्या थैलीत १००० नाणी असत. उरलेली ५० नाणी पुढील खरेदीचे आमंत्रण ठरत. ग्राहकांकडून अनवधानाने खरेदी करवून घेणाऱ्या पडद्यावरील रचनेबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार एपिकने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये मान्य केले.

मालकी की परवाना ?

आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. पूरक आशय विकत घेतला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो वापरण्याचा परवाना मिळतो आणि त्याचे आयुष्य सर्व्हरइतके असते. 'हेलो २' ची मूळ ऑनलाइन सेवा एप्रिल २०१० मध्ये बंद झाली. प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० या यंत्रांवरील 'बॅटलफील्ड ३' ची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये संपुष्टात आली. त्याबरोबर तेथील प्रीमियम ग्राहकांच्या वीसही रणभूमी ऑनलाइन सामन्यांना अंतरल्या. विक्रेत्याने केवळ परवाना देताना 'खरेदी' हा शब्द बिनदिक्कत वापरू नये, यासाठी कॅलिफोर्निया राज्याने केलेला कायदा जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे.

भारतीय संदर्भ

भारतात शूटर गेम घरोघरी पोहोचले ते प्रामुख्याने मोबाइलवरून. केंद्र शासनाने २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाइल' वर बंदी घातली आणि त्यातील सशुल्क पोशाख व पास एकाएकी दुरावले. जुलै २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार आला व जुन्या खात्यातील वस्तू हलविण्यास काही काळ मुभा मिळाली. परंतु जुलै २०२२ मध्ये तोही ॲप दुकानांतून हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. परवान्याची अनिश्चितता याहून स्पष्ट दिसणे कठीण.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ पडदा-रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मनाई केली. ई-क्रीडा व सामाजिक खेळ त्यापासून वेगळे मानले. पोशाख वा पास घेणे योग्य की अयोग्य, हा निर्णय मात्र कायदा करून देत नाही. तो विद्यार्थ्यालाच करावा लागतो.

निष्कर्ष

१) पूरक आशयाची उपयोगिता केवळ 'किती मिळाले' यावर नव्हे, तर आशय, सोबती व कालावधी या तिन्हींवर अवलंबून असते.

२) सामन्यांचे सशुल्क मॅप संच दरडोई हिशोबाने स्वस्त असले तरी खेळाडूंच्या विभागणीमुळे त्यांची उपयोगिता लवकर घटते. गेम नवा असताना व नेहमीचे सोबती ते घेणार असतानाच ते परवडतात.

३) एकट्याने खेळता येणारा कथाविस्तार ही तुलनेने रास्त खरेदी आहे, तो समीक्षा वाचून सावकाश घ्यावा.

४) सजावट ही हौस आहे. तिची किंमत उघड व निश्चित असल्यास आक्षेप नाही. बंद पेटी मात्र टाळावी.

५) पास घेण्यापूर्वी पैशांबरोबर तासांचाही हिशोब करावा. मुदतीच्या अखेरीस, कमावलेली बक्षिसे मोजूनच तो घेण्याची सोय असल्यास तीच पद्धत शहाणपणाची.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला आता असे सांगता येईल : तुझ्या मित्रांपैकी कोणाकडेच तो पास नसता, तरी तू मेसच्या पैशांतून तो घेतला असतास का? उत्तर 'होय' असेल, तर किमतीहून अधिक जे समाधान मिळाले ते तुझे संतोषाधिक्य. उत्तर 'नाही' असेल, तर तू गेमसाठी नव्हे, मित्रांच्या पंगतीत बसण्यासाठी पैसे मोजलेस. आणि हा पास मुळात सजावटीचा असल्याने, तो नसता तरी त्याच मित्रांबरोबर त्याच रणभूमीवर तुला खेळता आलेच असते. हा प्रश्न कपडे, मोबाइल, दुचाकी यांनाही लागू पडतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तो वर्गात विचारावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.